हरणांसाठी पेरलेला वाल

(रब्बी शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेले भाषण)



मागील मेळाव्यात करमाळा भागातील एका शेतकरी बंधूंनी मला एक छायाचित्र दाखविले. त्यांचा पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. त्याने ते मोबाईलवर पाठविले होते. रानाच्या कडेला चवळी आणि वाल उभा आहे, आणि त्यात हरणे चरत आहेत. पुतण्याने कळविले होते की, मालकाने हे पीक हरणांसाठीच पेरले आहे. ते बंधू मला म्हणाले, "साहेब, आम्ही रात्र रात्र जागून हरणं हाकलतो, आणि हे लोक पेरून त्यांना खाऊ घालतात. हे परवडतं कसं?" त्या दिवशी वेळ अपुरा पडला. आज त्या प्रश्नाचे उत्तर देतो.

हरीण कोणाचे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीस बंदी आहे. तेव्हा शिकारीसाठी पेरणी हा आपला विषय नाही. अमेरिकेत मात्र शिकार कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण जमीनमालकाच्या मालकीचे नसते. ते जनतेचे, आणि त्याची राखण राज्याकडे. शिकारीचा हंगाम, परवाना, किती नर व किती माद्या मारायच्या हे राज्याचे वन्यजीव खाते ठरविते. मालकाच्या हाती असते ती फक्त जमीन आणि तीत कोणाला येऊ द्यायचे हा हक्क.

या हक्कावरच सारा व्यवहार उभा आहे. टेक्सासमधील सुमारे 95 टक्के जमीन खासगी आहे. शिकारी मंडळी हंगामासाठी जमीन भाड्याने घेतात. भाडे हरणाचे नसते, रानात येण्याचे असते. ज्या रानात हरणे धष्टपुष्ट आणि नरांची शिंगे मोठी, त्या रानाला भाडे जास्त. म्हणून तो मालक वाल पेरतो. तुम्ही कडबा विकता, तो चारा हरणाला घालून भाडे घेतो, एवढाच फरक.

गमतीची गोष्ट अशी की, आपले काळवीट 1932 साली टेक्सासमध्ये नेऊन सोडले गेले, आणि आपली नीलगाय, म्हणजे रोही, 1930 च्या सुमारास. ती बाहेरून आणलेली जनावरे असल्याने तेथे त्यांना राज्याच्या हरणांचे नियम लागू नाहीत.

पेरतात काय आणि कसे?

या हरणाला चाऱ्याची टंचाई वर्षातून दोनदा भासते. एक, कडक हिवाळ्याच्या शेवटी. दुसरी, दक्षिणेकडील राज्यांत भर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. नेमक्या याच काळात माद्या गाभण किंवा दुभत्या असतात आणि नरांची शिंगे वाढत असतात. ही शिंगे आपल्या चितळ-सांबराप्रमाणे दरवर्षी गळून नव्याने येतात, काळविटासारखी कायमची नसतात. शिंगे भरण्यासाठी आणि पाडसाला दूध पुरण्यासाठी चाऱ्यात सुमारे 16 टक्के प्रथिने असावीत, अशी शिफारस आहे.

म्हणून दोन हंगामांत पेरणी होते. उन्हाळी पेरणीत चवळी, सोयाबीन आणि आपला वाल. हिवाळ्यासाठी ओट, गहू, राय, क्लोव्हर, सलगम आणि मोहरीच्या कुळातील इतर पिके. एकटा ओट पेरला तर एकरी 40 ते 45 किलो बियाणे लागते. सलगमाचे बारीक बी एकरी 2 किलो पुरते. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचे भावंड. त्याच्या बियाण्याला जिवाणू संवर्धन लावल्याशिवाय जाणकार माणूस पेरीत नाही.

पण पेरणीपूर्वी माती परीक्षण. अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण भागातील पुष्कळ जमिनी आम्लधर्मी आहेत. सामू 6 च्या खाली असला तर क्लोव्हर जोम धरीत नाही आणि घातलेले खतही पुरते लागू पडत नाही. म्हणून पेरणीच्या तीन ते सहा महिने आधी अहवालानुसार चुना जमिनीत मिसळतात. महाग बियाण्याच्या पिशवीवर खर्च करून चुन्यात काटकसर करणारा मालक तेथेही फसतो.

एकूण जमिनीच्या 2 ते 5 टक्के क्षेत्र या पेरणीखाली पुरेसे मानले जाते. पाचशे एकरांच्या मालकाने दहा ते पंचवीस एकर पेरायचे. पट्टा लांबट, झाडीच्या कडेने ठेवतात, कारण हरीण आडोसा सोडून फार दूर येत नाही. शिकाऱ्याचा माळा झाडावर, वारा हरणाकडून त्याच्याकडे येईल असा. चवळी आणि वाल मात्र अर्ध्या-पाऊण एकरात पेरून चालत नाही. दोन पाने फुटताच हरणे फडशा पाडतात. एक तर क्षेत्र मोठे हवे, नाही तर पीक मुळे धरीपर्यंत विजेचे कुंपण हवे.

उरलेल्या रानाकडे चांगला मालक अधिक लक्ष देतो. पेरलेला पट्टा कितीही चांगला असला तरी हरणाचे बहुतेक पोट रानातील पाला, कोंब आणि ओकच्या फळांवर भरते. म्हणून दाट झाडी विरळ करून खाली ऊन पोहोचू देतात. दक्षिणेतील पाइनच्या वनांत दोन-तीन वर्षांनी, जाळरेषा आखून, खालचा पालापाचोळा नियंत्रित पद्धतीने जाळतात. त्यातून कोवळा चारा फुटतो.

खरे गणित संख्येचे

आता मुख्य मुद्दा सांगतो. वाल पेरला की कळप सुधारला, असे होत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या जॉर्ज राखीव क्षेत्रात, सुमारे साडेअकराशे एकरांच्या उंच कुंपणाच्या आत, 1928 साली 2 नर आणि 4 माद्या सोडल्या. 1933 च्या मोजणीत तेथे 160 हरणे आढळली! चारा चांगला असला की प्रौढ मादी बहुधा जुळी पाडसे देते. मग पेरणी दुप्पट केली तरी खाणारी तोंडे चौपट होतात. 70 किलोच्या हरणाला रोज साधारण 3 किलो चारा लागतो. हिशेब तुम्हीच करा. दावणीला दोन बैलांची वैरण आणि जनावरे चार बांधली, तर चारही खंगतात. रानालाही हाच नियम आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंदाधुंद शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. पुढे कायदे कडक झाले. 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळविला. आज हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. आता तेथे प्रश्न उलटा झाला आहे. पुष्कळ जुन्या शिकाऱ्यांना मादी मारणे पाप वाटते, कारण त्यांच्या आजोबांच्या काळी तोच नियम होता. पण माद्या राखून फक्त मोठे नर मारले, तर कळप वाढतो, रान ओरबाडले जाते, आणि भार शेजाऱ्याच्या सोयाबीनवर पडतो. त्या शेजाऱ्याला शिकारीच्या भाड्यातील एक पैसाही मिळत नाही.

म्हणून जाणता मालक वही ठेवतो. मारलेल्या प्रत्येक हरणाचे वजन, जबड्यातील दातांच्या झिजेवरून वय, मादी दुभती होती की नाही. दीड वर्षाच्या नरांचे वजन वर्षागणिक घटत असेल, तर रानाला भार सोसत नाही असे समजून तो राज्याच्या परवानगीने माद्यांची संख्या कमी करतो.

दुसरा धोका रोगाचा. 1967 साली कोलोराडोत बंदिस्त हरणांमध्ये एक क्षयकारी मेंदूरोग प्रथम दिसला. आज तो तीसहून अधिक राज्यांत पसरला आहे. त्यावर औषध नाही, लागण झालेले हरीण वाचत नाही, आणि लाळ-लघवीतून पडलेला दोष मातीत वर्षानुवर्षे राहतो. म्हणूनच मक्याचे ढीग टाकून हरणे एका जागी जमविण्यावर अनेक ठिकाणी बंदी आली आहे. पेरलेल्या पिकात हरणे पांगून चरतात, तरी गर्दी वाढली की ही जोखीम तेथेही आहेच.

आपण यातून काय घ्यायचे?

बंधूंनो, माझ्या वडिलांची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. लहानपणी हरभऱ्याच्या राखणीला मी त्यांच्याबरोबर माळ्यावर जागलो आहे. सकाळी कडेच्या ओळींचे शेंडे खुडलेले दिसले की वडील म्हणायचे, "सगळं गेलं." खरोखर किती गेले, हे आम्ही कधी मोजले नाही.

अमेरिकेचा मालक मात्र ते मोजतो. त्याचे साधन अगदी साधे आहे. तारेच्या जाळीचे कमरेइतके उंच, दोन हात रुंदीचे कडे करून तो पिकात खुंट्यांनी पक्के रोवतो. आतले पीक हरणाला मिळत नाही. आतील आणि बाहेरील पीक शेजारी शेजारी पाहिले की चराई किती झाली ते कळते. आपणही हे करू शकतो. पेरणी उगवताच एक कडे रानाच्या कडेला, एक मध्यावर, एक दूरच्या टोकाला लावा. काढणीला प्रत्येक कड्यातील आणि शेजारच्या तेवढ्याच जागेतील दाणे वेगवेगळे तोला. लवकर खुडलेला हरभरा पुन्हा फुटवे धरतो. फुले-घाटे लागल्यावर खाल्लेला मात्र सावरत नाही. कोणत्या बाजूला आणि कोणत्या महिन्यात नुकसान होते हे कळले, तर राखण आणि कुंपणाचा खर्च तेथेच करता येईल. सगळ्या शेताभोवती कर्ज काढून तार ओढण्याची वेळ कदाचित येणार नाही.

हे कडे पंचनाम्याला पर्याय नाही. नुकसान दिसताच वनखात्याला कळवावेच. पण आपला आकडा आपल्या वहीत असला, तर बोलण्याला वजन येते.

यंदा वडिलांच्या हरभऱ्यात मी अशी चार कडी लावणार आहे. ज्यांच्या शेताला रान लागून आहे त्यांनीही लावावीत, आणि पुढच्या मेळाव्याला वही घेऊन यावे. करमाळ्याच्या बंधूंनी तर जरूर यावे. त्यांच्या प्रश्नातील "परवडतं कसं" याचे उत्तर एका शब्दात सांगायचे तर, मोजल्यामुळे.