तार कुठे झिजते?

‘ओव्हरहेड वायर तुटल्यामुळे लोकल उशिरा धावत आहेत’ ही सूचना ऐकली, की आपण पावसाला किंवा नशिबाला बोल लावतो. या तारांच्या देखभालीत माझी नोकरी गेली. माझा अनुभव असा, की तार तुटते एका क्षणात, पण पुष्कळदा ती आधी कित्येक महिने झिजत आलेली असते. आणि झिजते तीही सगळीकडे सारखी नव्हे.

गाडीच्या टपावरचा पॅन्टोग्राफ तारेला खालून घासत जातो. त्याच्या माथ्यावर कार्बनची पट्टी असते. तार सरळ बांधली तर पट्टीला एकाच जागी खाच पडेल. म्हणून सरळ रुळांवरही तार मध्यापासून दोन्ही बाजूंना आलटूनपालटून सुमारे २० सेंटीमीटर सरकवून, नागमोडी बांधतात. पट्टी वाचते, तारेला मात्र अशी सवलत नाही.

स्टेशन सोडताना गाडी सर्वांत जास्त वीज ओढते, तिथे तार जास्त झिजते. पुलाखाली तार खाली उतरते, तिथेही. जिथे जड क्लिपा किंवा इन्सुलेटर असतात, तिथे तार ताठर होते. पॅन्टोग्राफ तिथे आपटतो, क्षणभर सुटतो, निळी ठिणगी उडते आणि तांबे थोडेथोडे जळते. अशी खडबडीत तार पट्टी खराब करते आणि ती पट्टी पुढची चांगली तार ओरबाडत जाते.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी धावली, ती १५०० व्होल्टवर. २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५ हजार व्होल्टवर आला. तेवढ्याच कामाला आता सुमारे सोळापट कमी विद्युतप्रवाह पुरतो, त्यामुळे तारेवरचा भार हलका झाला. घासणे मात्र थांबलेले नाही.

नवी तार सुमारे १२ मिलिमीटर जाड असते आणि ती जवळपास एक टनाच्या ताणाखाली असते. दहा ठिकाणी मोजून सरासरी काढली, तर कागदावर सारे ठीक दिसेल. पण तार सरासरीवर तुटत नाही, सर्वांत पातळ जागी तुटते. ती जागा शोधायला वीज बंद करून, टॉवर वॅगनवर चढून, हाताने मोजमाप घ्यावे लागते. त्यासाठी हवा असतो ब्लॉक.

रविवारचा मेगाब्लॉक आपल्याला नकोसा वाटतो. पण त्या वेळी कुणीतरी तारेवरचा एकेक मिलिमीटर मोजत असतो. ते मोजमाप राहिले, तर त्याचा हिशेब सोमवारी सकाळी नऊ वाजता, भरलेल्या गाडीत द्यावा लागतो.