साहेब रजेवर आहेत, हे कुणाकुणाला सांगायचं?



२००८ सालची गोष्ट. वेल्समधल्या स्वान्सी शहरात अवजड वाहनांना मज्जाव करणारी पाटी लागली. वर इंग्रजी, खाली वेल्श. वेल्श जाणणाऱ्यांनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला. खाली लिहिलं होतं, 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असल्यास पाठवावं.' तिथल्या कौन्सिलनं इंग्रजी मजकूर भाषांतरासाठी ईमेलनं धाडला होता. भाषांतरकार जागेवर नव्हता. संगणकानं परस्पर उत्तर दिलं आणि तेच रंगवून पाटीवर चढलं!

इथं निदान एका पत्राला एकच उत्तर गेलं. खरी पंचाईत होते ती मेलिंग लिस्टवर. समजा, पाचशे जणांच्या यादीतला एक जण रजेवर गेला. यादीवर पत्र येताच त्याच्या संगणकानं 'साहेब रजेवर आहेत' असं यादीलाच कळवलं. ते पाचशे जणांना पोचलं. साहेबही यादीत असल्यानं त्यांच्याच पेटीत परत आलं. त्यालाही उत्तर गेलं. मग हे गुऱ्हाळ थांबणार कसं?

यावरचा तोडगा जुनाच आहे. एरिक ऑलमन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीसाठी 'व्हेकेशन' नावाचा प्रोग्राम लिहिला. तो कुणाला उत्तर दिलं याची नोंद ठेवतो. त्याच माणसाचं पुन्हा पत्र आलं, तर एरवी आठवडाभर गप्प बसतो. पत्रावर मालकाचा पत्ता थेट नसेल, तर तोंडच उघडत नाही. घाऊक पत्र अशी खूण दिसली, तरी नाही.

ऑगस्ट २००४ मध्ये 'आरएफसी ३८३४' या इंटरनेटविषयक दस्तऐवजानं ही शिस्त लेखी मांडली. स्वयंचलित उत्तरावर तशी अदृश्य खूण असावी आणि ती खूण असलेल्या पत्राला दुसऱ्या यंत्रानं उत्तर देऊ नये. उत्तर जावं ते पत्र धाडणाऱ्या मूळ पत्त्यावर, सगळ्या यादीला नव्हे.

जीमेलसारख्या सेवा हे पथ्य आपोआप पाळतात. यादीवरच्या पत्रांना तिथून उत्तर जात नाही. 'फक्त ओळखीच्यांनाच उत्तर द्या' अशी सोयही असते.

तेव्हा गणपतीला गावी निघण्याआधी त्या सोयीपुढं खूण करून ठेवा. परतायची तारीख लिहा, तातडीच्या कामासाठी सहकाऱ्याचं नाव द्या. आणि मजकूर त्याच भाषेत लिहा, जी समोरच्याला वाचता येते.