नकाराची साक्ष

हुंडी सकारणे आणि हुंडी नकारणे हे आपल्या पेठांतील जुने शब्द. सकारल्याचा पुरावा सोपा असतो. पैका पदरी पडलेला असतो. नकाराचे तसे नाही. धनको म्हणतो, 'मी मागावयास गेलो, याने दिले नाहीत.' ऋणको म्हणतो, 'हे आलेच नव्हते.' जे घडलेच नाही, ते सिद्ध कसे करावे?

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने येथे एक तिऱ्हाईत साक्षीदार उभा केला. वचनचिठ्ठी किंवा विनिमयपत्र नाकारले गेले, की धारकाने वाजवी मुदतीत ते नोटरीकडे न्यावे. नोटरी त्यावर किंवा जोडकागदावर नकाराची तारीख, दिले असल्यास कारण, आणि आपली फी नोंदवितो. त्याने दिलेला दाखला म्हणजे 'प्रोटेस्ट'. तो शाबीत झाला, की कलम ११९ प्रमाणे न्यायालय नकार घडला असे गृहीत धरते.

धनादेशाच्या बाबतीत हे काम आता बँकेची चिठ्ठी करते. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून गुन्हा ठरला. २००२ च्या दुरुस्तीने कलम १४६ आले आणि बँकेचा अधिकृत शिक्का असलेली चिठ्ठी नकाराचा पुरावा झाली. बँकेच्या कारकुनाला साक्षीसाठी हेलपाटे घालण्याचे सहसा कारण उरले नाही.

परंतु गृहीत धरणे म्हणजे निकाल देणे नव्हे. चिठ्ठी एवढेच सांगते, की धनादेश वटला नाही. तो कोणत्या देण्यापोटी दिला होता, हे ती सांगत नाही. तो देण्यापोटीच होता असे कायदा दुसऱ्या कलमाने मानतो खरा. पण तेही खोडून काढण्याची मुभा आरोपीस आहे.

श्रोतेहो, पुष्कळ भले लोक संकोचाने ही चिठ्ठी खिशातच ठेवतात आणि 'पुढच्या महिन्यात देतो' या शब्दावर विसंबतात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर देणाऱ्यास १५ दिवसांची सवड असते. त्यानंतर एका महिन्यात फिर्याद व्हावी लागते. भिडेपोटी गेलेले दिवस कायदा सहजासहजी परत देत नाही. नकाराचा कागद जपून ठेवणे हा अविश्वास नव्हे. तो व्यवहाराचा हिशेब आहे.