घरमालकाला थेट पत्र
बडोद्यात घर शोधताना आम्ही शेजाऱ्यांकडून पत्ते घेऊन सहा बंद घरांच्या मालकांना हाताने पत्रं लिहिली. एकच पान: आम्ही कोण, हीच गल्ली का, कर्ज मंजूर आहे, मध्ये दलाल नाही, विकायचं नसेल तर राग मानू नका.

पाच जण गप्प. एका आजींचा फोन आला, “या, बोलू.” भाव ठरला. विसार द्यायला निघालो, तेवढ्यात वकिलांनी अडवलं. घरावर आजींच्या तीन दिरांचीही नावं होती! धाकटे अमेरिकेत, त्यांचं कुलमुखत्यारपत्र येईपर्यंत चार महिने थांबलो.

तेव्हा पत्र जरूर लिहा. पण वाचलेल्या दलालीतून आधी ३० वर्षांचे कागद तपासून घ्या. सगळ्या मालकांचा लेखी होकार आल्याशिवाय विसार देऊ नका.