वीतभर मोटारी आणि घरातील एक कोपरा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लष्कर मोहल्ला, म्हैसूर येथे झालेल्या सभेतील भाषण)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून इतिहासाविषयी, साहित्याविषयी अथवा संतांविषयी बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. कार्यकारी मंडळाने मला मात्र माझ्या छंदाविषयी बोलण्याची आज्ञा केली. शर्यतीच्या मोटारींच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृती घडवणे, हा तो छंद. विषय पोरकट वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही या निमित्ताने मला आपणांपुढे एक मागणी ठेवायची आहे, आणि ती मागणी मोटारींपेक्षा आपल्या मुलाबाळांशी अधिक निगडित आहे.

ज्या मोटारी मी घडवतो त्यांना ‘स्टॉक कार’ म्हणतात. ‘स्टॉक’ म्हणजे विक्रेत्याकडचा साठा. खास शर्यतीसाठी घडवलेले यंत्र न वापरता, कोणाही गिऱ्हाइकाला विकत घेता येईल अशी मोटार घेऊन शर्यतीत उतरायचे, ही मूळ कल्पना. अमेरिकेत १९४८ साली नॅसकार ही संस्था स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिने अशा जशाच्या तशा मोटारींची पहिली शर्यत भरवली. पुढे नियम बदलत गेले. बाहेरचे रूप दुकानातल्या मोटारीसारखेच राहिले; आत मात्र चालकाच्या रक्षणासाठी पोलादी नळ्यांचा पिंजरा आला, मागची बैठक गेली आणि शोभेची प्रत्येक वस्तू उतरली.

आपल्या दक्षिणेतही हा खेळ नवा नाही. मद्रासजवळ शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टई येथे कायमचा मार्ग झाला, तोवर आपल्या ओळखीच्या फियाट, अँबेसेडर आणि हेराल्ड गाड्या तिथेच धावल्या. आठवडाभर कुटुंबाला घेऊन फिरणारी गाडी सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरते, यातच या खेळाचे आकर्षण आहे.

आता प्रमाणाविषयी. या मोटारी बहुधा एकास चोवीस या प्रमाणात करतात. मूळच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. आगगाड्यांच्या छंदात एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण फार प्रचलित आहे. सेंट फिलोमिना चर्चचे मनोरे आपण रोज पाहतो. त्यांची उंची १७५ फूट. मोटारीच्या प्रमाणात ते मनोरे करायचे तर सव्वासात फुटांहून थोडे उंच होतील, म्हणजे घराच्या दारातून आत येणार नाहीत. आगगाडीच्या प्रमाणात ते दोन फुटांत बसतील. प्रमाण म्हणजे नुसते लहान करणे नव्हे. एकदा ठरवलेले प्रमाण आरशाच्या काडीपासून चाकाच्या खिळ्यापर्यंत पाळणे, हे त्यातले खरे काम.

आपण मराठी माणसे या विद्येला अगदीच अनोळखी नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर आळीव पेरलेली मुले पुढे मोठी होऊन येथे बसली आहेत. त्या किल्ल्यात महाराज बुरुजापेक्षा उंच असत आणि मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नसे; कारण मुलाचे प्रमाण आदराचे असते, फुटपट्टीचे नसते. प्रतिकृतीचा छंद त्याच मुलाच्या हाती फुटपट्टी देतो. आणि आपल्या भगिनींनी ठिपक्यांच्या रांगोळीत हेच गणित पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. छोटे चित्र चौकटी आखून मोठे करणे आणि ठिपके मोजून रांगोळी वाढवणे, यांत तत्त्वाचा फरक नाही. म्हणून हा मुलग्यांचा छंद आहे, असे कृपा करून कोणी समजू नये.

उदाहरण म्हणून आपली प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूरला विमानाचा कारखाना उभारला आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने जी मोटार होत असे, तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. आपल्या नातवंडांना ती आता चित्रात किंवा प्रतिकृतीतच भेटणार.

तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर २३४ सेंटिमीटर. आपल्या प्रमाणात पावणेदहा. तयार संच मिळाला नाही तरी पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून तिचे अंग कापता येते. शर्यतीची पद्मिनी करायची असेल तर आत पिंजरा हवा. अमेरिकन स्टॉक कारच्या पिंजऱ्याची नळी पावणेदोन इंच व्यासाची असते. चोवीसाने भागले की ती दोन मिलिमीटरच्या किंचित आत येते. पंधरा गेजची तार नेमकी त्या मापाची असते, आणि ती हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळते. चाकांच्या आसासाठी सायकलच्या चाकाची जुनी तार चालते. परदेशी वस्तूंवाचून अडून बसण्याचे कारण नाही.

त्यानंतर क्रम येतो, आणि या छंदाची शिस्त क्रमात आहे. सांधे आधी कोरडेच जुळवून पाहावेत. प्लास्टिकचा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. म्हणून थेंब कमी आणि धीर जास्त लागतो. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून खरखरीतपासून गुळगुळीतपर्यंत क्रमाने घासावे. नंतर राखी अस्तर, मग रंग, मग पाण्यात सुटणारी चित्रे व आकडे, आणि शेवटी पारदर्शक लेप. पावसाळी दमट हवेत लॅकरवर दुधाळ छटा येते. म्हैसुरात आषाढातही पाऊस आणि आश्विनातही पाऊस. तेव्हा रंगाचा दिवस आकाश पाहून ठरवावा आणि इतर दिवशी घासकाम करावे.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. छंद मोडतात ते पैशांवाचून फारसे नाहीत, जागेवाचून मोडतात. बदलीच्या नोकरीत, भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर काम मांडले की पानांची वेळ होताच ते उचलावे लागते. तीनदा उचललेले काम चौथ्यांदा मांडले जात नाही. म्हणून घर केवढेही लहान असो, अर्धवट राहिलेले काम न हलवता राहील एवढी जागा त्याला द्यावी. टेबल शक्य नसेल तर दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद प्लायवुडच्या फळीला चारी बाजूंनी बोटभर उंचीच्या पट्ट्या ठोकाव्यात. काम थांबले की ती फळी तशीच पलंगाखाली सरकवावी.

जागा मिळाल्यावर तिची व्यवस्था. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. बारीक भागांसाठी आपल्या स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यासारखे साधन नाही. सात वाट्या, एक झाकण. चाके, आरसे, दिवे आपापल्या वाटीत. हत्यारांसाठी भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने त्याची बाह्याकृती काढावी. रिकामी आकृती दिसली की काय हरवले ते न विचारता कळते. मांडीवर जुने पांढरे धोतर पसरावे. हातातून निसटलेला भाग जमिनीऐवजी त्यावर पडतो. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात टाकावीत. रंग व द्रावके विस्तवापासून आणि देवघरातील समईपासून दूर, खिडकीपाशी ठेवावीत. लहान मुलांना पाते देऊ नये. घासण्याचे काम मात्र अवश्य द्यावे.

हे शिकण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. शेजारच्या मंडी मोहल्ल्यात शिसवी लाकडावर जडावकाम करणाऱ्या कारागिराची बैठक पाहावी. त्याचा हात हत्याराकडे न पाहता जातो, कारण हत्याराची जागा बदललेली नसते. आणि मूळ वस्तू पाहून मगच प्रतिकृती करावी, हा धडा रेल्वे संग्रहालयात मिळतो. १९७९ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात महाराणींचा डबा आहे, आणि रस्त्यावर धावणारी एक ऑस्टिन मोटारही आहे, जी पुढे रुळांवर चालण्याजोगी करण्यात आली. वही व पेन्सिल घेऊन एक सकाळ तिथे काढावी.

मी आरंभी मुलाबाळांचा उल्लेख केला. माझा नातू शाळेत इंग्रजी बोलतो, गल्लीत उत्तम कन्नड बोलतो आणि घरातल्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतो. हे चित्र येथील बहुतेक घरांत असेल. ‘मराठीत बोल’ असे सांगितले की मूल गप्प बसते, हा आपणां सर्वांचा अनुभव. परंतु कामाच्या टेबलाशी बसल्यावर तोच मुलगा सहज विचारतो, “आजोबा, बारीक कानस कुठंय?” कारण त्याला कानस हवी असते. तेथे भाषा हा अभ्यास नसतो, ती गरज असते. कानस, पटाशी, करवत, पक्कड, चिमटा, गुण्या, हातोडी, खाच, सांधा, आस, उतार, लवलेश, किंचित, नेमके: हे शब्द पाठ करून येत नाहीत, हातातून येतात. घरात हत्यारे राहिली नाहीत तर त्यांची नावेही राहणार नाहीत, आणि ‘किंचित’ व ‘नेमके’ यांतला फरक दाखवण्याची संधीही राहणार नाही.

यात कन्नडशी वैर नाही. जिने आपल्याला आसरा दिला तिची भाषा आपली मुले बोलतात, याचा मला आनंदच आहे. आमच्या खणांवर दोन्ही लिप्यांतील चिठ्ठ्या आहेत: करवतीपुढे गरगस, हातोडीपुढे सुत्तिगे, पटाशीपुढे उळी. एका हत्याराला दोन नावे ठाऊक असलेले मूल दरिद्री होत नाही.

एका माणसाचा छंद केवढा होऊ शकतो, हे पुण्यात पाहावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून कोथरूडला लोकांसाठी खुले झाले. एकास सत्त्याऐंशी प्रमाणातले ते गाव, त्यातील स्थानके आणि सिग्नल पाहताना मुले भान विसरतात. त्याच्या मुळाशीही कधीतरी एका टेबलाची जागाच होती.

आता मागणी. लष्कर हा शब्द पुण्याच्या माणसालाही परका नाही. तिथल्या छावणीच्या भागालाही तेच नाव आहे. लष्कराचा तळ उठतो, मोहल्ला मात्र वसतो. आपणही येथे वसलो आहोत, तळ ठोकून नाही. तेव्हा मंडळाच्या जागेत एक कपाट आणि दोन टेबले या कामासाठी कायमची द्यावीत, आणि महिन्यातून एका रविवारी आजोबा-आजींनी नातवंडांसह तेथे बसावे. पहिला उपक्रमही मी सुचवतो. प्रत्येक कुटुंबाने, आपण ज्या वाहनाने प्रथम या बाजूला आलो त्याची प्रतिकृती करावी. कोणी मिरजेहून मीटर गेजच्या डब्यातून आले असेल, कोणी पद्मिनीत सामान कोंबून, कोणी लाल एस.टी.ने सीमेपर्यंत येऊन. सर्वांचे प्रमाण एक ठेवावे, आणि प्रत्येक प्रतिकृतीखाली तो प्रवास मुलाने स्वतः मराठीत चार ओळींत लिहावा. त्यासाठी त्याला आजीला विचारावे लागेल, आणि आजीला सांगावे लागेल. त्या चार ओळींसाठीच हा सारा खटाटोप आहे.

कपाटाची किल्ली सांभाळण्याची जबाबदारी मी घेतो. माझी हत्यारे आणि उरलेली तार पहिल्या रविवारी तेथे आणून ठेवीन.