मानसिक आरोग्यसेवेतील परिचारिकेचे स्थान
(व्याख्यानाचा संपादित अंश)



६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. या दुर्घटनेत २८ जणांचा बळी गेला. रुग्णाला बांधून ठेवणारे सर्वच निर्दय नसतात. अनेक कुटुंबांना दुसरा मार्गच ठाऊक नसतो. हा मार्ग दाखवू शकणारी सर्वांत जवळची प्रशिक्षित व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते.

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केले. त्यानुसार १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार असल्याचे आढळले. विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता हा दुर्मिळ मनुष्यबळाच्या नियोजनाचा प्रश्न आहे. मनोविकारतज्ज्ञ घडविण्यास दीर्घ काळ लागतो आणि ते प्रामुख्याने शहरांत एकवटलेले आहेत. म्हणून प्राथमिक ओळख, पाठपुरावा व समुपदेशन ही कामे प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांकडे सोपविणे क्रमप्राप्त ठरते. निम्हान्सने १९७० च्या दशकात बंगळुरूनजीकच्या सकलवारा येथे व पुढे बळ्ळारी जिल्ह्यात असे प्रयोग केले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बळ्ळारीच्या अनुभवावर आधारलेला जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून राबविण्यात आला.

या कामासाठी लागणारे ज्ञान मूलभूत असले तरी काटेकोर आहे. रुग्णाचा पेहराव, बोलणे, भावस्थिती, विचार, भास, स्मृती व स्वतःच्या आजाराची जाण यांची नोंद परिचारिकेने घ्यावयाची असते. 'रुग्ण विचित्र वागतो' ही नोंद नव्हे; 'रात्री दोन तास झोपला, एकटाच बोलत होता' ही नोंद होय. भ्रमाशी वाद घालू नये, तसेच त्याला दुजोराही देऊ नये. त्यामागील भीती समजून घ्यावी. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. शांतपणे विचारलेला प्रश्न रुग्णाला बोलते करतो. असा धोका जाणवल्यास त्याला एकटे न सोडता त्वरित वरिष्ठांना कळवावे. मनोविकृतिरोधक औषधांमुळे येणारा स्नायूंचा ताठरपणा व कंप ओळखता यावा. लिथियम घेणाऱ्याला जुलाब, उलट्या किंवा तीव्र थरथर झाल्यास विषबाधेची शक्यता लक्षात घ्यावी.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला आणि साखळीने बांधण्यास पूर्णतः मनाई केली. शारीरिक बंधन हा तात्कालिक धोका टाळण्याचा एकमेव उपाय असेल तरच, मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीने व आवश्यक तेवढ्याच काळासाठी वापरता येते. शिक्षा म्हणून नव्हे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरले जाते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन मिळते.

कायदा साखळीस मनाई करतो; तथापि ती प्रत्यक्षात सोडविण्यासाठी कुणीतरी त्या घरी जावे लागते, नियमित औषध पोहोचवावे लागते आणि कुटुंबाला धीर द्यावा लागतो. परिचारिकेच्या प्रशिक्षणावरील खर्चाचे मोल या फलितावरूनच जोखले पाहिजे.