अर्जावर पहिलं नाव कोणाचं?

(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)

भावांनो, बहिणींनो, मागे दाराशी बसलेल्या आयांनो, जरा पुढे या. आज आपण आपलीच चूक बोलणार आहोत.

प्रकल्पाच्या मोजणीत आपण कसतो ती जंगलजमीन धरलीच नाही, म्हणून उन्हाळ्यात आपण अर्ज दिला. खाली चाळीस अंगठे. पहिलं नाव एका भावाचं, कारण त्याला सही येते. पंधरा दिवसांत त्यालाच चॅप्टर केसची नोटीस. शांतता भंग करतो म्हणे! ऐन पेरणीत चार तारखा. पहाटे डोंगर उतरायचा, मग एस.टी., आणि तिथे कळतं की साहेब आज नाहीत. आणि आपण? आपण म्हटलं, त्याची केस आहे, तो बघेल. त्याचं अर्धं शेत पडीक राहिलं. आता अर्ज लिहायला कोणी पेन हातात धरत नाही.

नर्मदेकाठी 1993 साली चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीने पंधरा वर्षांचं पोर गेलं, ते सगळ्यांना कळलं. चॅप्टर केस पेपरात येत नाही. माणूस तारखांनीच थकतो.

सरदार सरोवराला जागतिक बँकेने 1985 साली कर्ज दिलं. लोक लढले, 1993 साली बँक बाहेर पडली. त्याच वर्षी बँकेने तक्रारी बघायला समिती केली. तिथे नाव गुप्त ठेवता येतं. 1997 साली सिंगरौलीच्या वीज प्रकल्पाची तक्रार तिथे गेली, तर समितीला गावात येऊन चौकशी करू दिली नाही, वॉशिंग्टनला बसून कागद बघितले. तिकडे नाव गुप्त राहीलही. पण आपल्याकडे कोणाच्या घरी कोंबडी कापली ते संध्याकाळपर्यंत कचेरीत कळतं, तर अर्ज कोणी लिहिला ते लपेल?

म्हणून लपायचं नाही. यापुढे अंगठे गोल लावायचे, बैलगाडीच्या चाकासारखे. पहिला कोण, शेवटचा कोण, शोधू दे त्यांना. अर्ज द्यायला एकट्याने जायचं नाही, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

कोणाला पकडलंच तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 1996 साली सांगितलंय, पकडल्याचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या माणसाची साक्ष घ्यायची. तो कागद मागा. वाचता येत नसलं तरी मागा. आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तोही मागायचा, ती भीक नाही. खोटी केस मुद्दाम घातली तर 1989 च्या अत्याचार कायद्यात तो गुन्हा आहे.

सोमवारी त्या भावाची पाचवी तारीख आहे. घरटी एक माणूस, भाकर बांधून, कोंबडा आरवायच्या आधी वडाखाली. मागे राहतील त्यांनी त्याच्या शेताची निंदणी उरकायची.

अर्ज आजच नव्याने लिहू. शाईचं पॅड आणलंय. दिवा इकडे सरकवा.